तोच डाग, त्याच जागी

माझ्या डाव्या मनगटावर, घड्याळाचा पट्टा टेकतो तिथे, एक डाग आहे. नाण्याएवढा, गोल, राखाडी-तपकिरी. कडा कंपासने काढावी इतकी नेमकी. आता तो फिका झालाय, पण एके काळी समोरच्या माणसाची नजर बोलता बोलता तिथे जायची आणि मी बाही खाली ओढायची.

हा डाग मला तीनदा उठला. तिन्ही वेळा अगदी त्याच जागी. आणि तो कशामुळे उठतोय हे समजायला मला साडेतीन वर्षं लागली.

पहिल्यांदा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी गोळ्या चालू होत्या. कोर्स संपत आला त्या दिवशी मनगट चुरचुरायला लागलं. आधी लाल, मग जांभळट झालेला एक गोल चट्टा, मधोमध पाण्याचा बारीकसा फोड. मला वाटलं किडा चावला. आठवड्याभरात लाली गेली, सालपट निघालं आणि खाली काळसर डाग राहिला. चावल्याचा डाग जाईल हळूहळू, म्हणून सोडून दिलं.

दोन वर्षांनी पुन्हा तोच संसर्ग, पुन्हा गोळ्या. या वेळी पहिल्याच दिवशी संध्याकाळी जुन्या डागाची जागा जळायला लागली. रात्री बघते तर तोच चट्टा, तेवढाच, तिथेच. मी घड्याळाला दोष दिला. चामड्याचा पट्टा काढून कापडी लावला, मग घड्याळच काढून ठेवलं. एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लांबूनच बघून ‘नायटा आहे’ म्हणून मलम लिहून दिलं. मी ते सहा आठवडे नेमाने चोळलं. ज्या गोळ्या घेतल्या होत्या त्यांचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मलाही काढावासा वाटला नाही. मनगट कुठे, लघवीचा संसर्ग कुठे!

तिसऱ्या वेळी मी घरी नव्हते. वेगळे डॉक्टर, वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या नावाच्या गोळ्या. पहिली गोळी घेऊन दोन तास झाले नसतील, मनगट पेटलं. शिवाय खालच्या ओठाच्या कोपऱ्यात एक नवा चट्टा, जो आधी कधीच नव्हता. ओठ झाकता येत नाही. घाबरून मी दुसऱ्या दिवशी त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसले. तिथे एका शिकाऊ डॉक्टर मुलीने माझं मनगट उजेडात धरलं, डागाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “मॅडम, हे पहिल्यांदा आलं तेव्हा तुमची कुठली गोळी चालू होती?”

मी सांगितलं. मग तिने दुसऱ्या वेळचं विचारलं, मग तिसऱ्या वेळचं. तिसऱ्या वेळची पट्टी माझ्या पर्समध्येच होती. तिने ती उलटी केली आणि चांदीसारख्या कागदावरची मुंगीएवढी अक्षरं मला वाचून दाखवली. सल्फामेथोक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिम. आधीच्या वेळच्या गोळीचं नाव वेगळं होतं, रंग वेगळा होता, आतलं औषध हेच होतं.

माझ्या त्वचेने ते दोन तासांत ओळखलं होतं. मला ओळखता आलं नव्हतं, कारण मी नाव वाचत होते आणि ती औषध वाचत होती.

या प्रकाराला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. मराठीत सांगायचं तर ठरलेल्या जागी उठणारा औषधाचा चट्टा. वैद्यकाला तो नवा नाही. १८८९ मध्ये बोर्न्स यांनी अँटिपायरिन या तापाच्या औषधाने उठलेले असे चट्टे नोंदवले आणि १८९४ मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ ब्रोक यांनी त्याला ‘स्थिर’ या अर्थाचं हे नाव दिलं. सल्फाची औषधं, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल, वेदनाशामक गोळ्या, क्वचित साधी पॅरासिटामॉलसुद्धा, अशा कितीतरी औषधांनी तो उठतो. ओठ, हात-पाय आणि गुप्तांग या त्याच्या आवडत्या जागा. गुप्तांगावर उठला की माणूस लाजेने कुणाला दाखवत नाही, आणि दाखवलाच तर नको तो संशय येतो. आपल्या जोडीदाराबद्दल मनात किल्मिष आणणाऱ्या अशा डागामागे डोकेदुखीची एक गोळी असू शकते, हे मला त्या दिवशी कळलं आणि बराच वेळ मी गप्प होते.

पण जागा तीच का? याचं उत्तर मला आजही विलक्षण वाटतं. संसर्ग किंवा औषध ओळखून लढणाऱ्या काही टी-पेशी, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या रक्तपेशी, पहिल्या झटापटीनंतर रक्तात परत जात नाहीत. त्या तिथेच, वरच्या कातडीच्या तळाशी, मुक्काम ठोकतात. वर्षानुवर्षं राहतात. बाहेरून बघणाऱ्याला फक्त डाग दिसतो, पण त्या डागात पहारा चालू असतो. औषध पुन्हा शरीरात आलं की हे पहारेकरी काही तासांत जागे होतात आणि शेजारच्याच त्वचेच्या पेशींवर तुटून पडतात. त्या पेशी मरतात, त्यांच्यातला रंग खालच्या थरात सांडतो आणि तिथे अडकून बसतो. तोच तो काळसर डाग. तपासणीसाठी कधी कधी संशयित औषधाचा लेप पाठीवरच्या निरोगी कातडीवर लावतात, तेव्हा काहीच होत नाही. तोच लेप जुन्या डागावर लावला की डाग लाल होऊ शकतो. एकाच माणसाची कातडी, एकाच वेळी, एका जागी आठवण ठेवून आणि दुसऱ्या जागी कोरी.

शिवाय प्रत्येक वेळी औषध घेतलं की आणखी नव्या जागी चट्टे उठू शकतात. माझा ओठ हा त्यातलाच. अजून दोनदा तीच गोळी घेतली असती तर अंगभर असे शिक्के उमटू शकले असते.

दुसऱ्या वेळी लवकर, तिसऱ्या वेळी आणखी लवकर. या घाईवरूनच एक शब्द जन्माला आला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक हे दोघे बालरोगतज्ज्ञ घोड्याच्या रक्तापासून केलेलं औषधी द्रव्य, म्हणजे सीरम, टोचलेल्या मुलांचं निरीक्षण करत होते. पहिल्यांदा टोचल्यावर आठ-दहा दिवसांनी मुलांना ताप यायचा, पुरळ उठायचं, सांधे दुखायचे. पुढे कधी तेच सीरम पुन्हा दिलं तर हा त्रास फार लवकर, कधी त्याच दिवशी सुरू व्हायचा. शरीराची वागणूक बदलली होती. १९०६ मध्ये पिर्के यांनी त्यासाठी दोन ग्रीक शब्द जोडून ‘ॲलर्जी’ हा शब्द केला. अर्थ एवढाच, की बदललेली प्रतिक्रिया.

आज आपण हा शब्द कुठेही वापरतो. गोळीने मळमळलं, ॲलर्जी. जुलाब झाले, ॲलर्जी. झोप आली, ॲलर्जी. आमच्या घरात जुनी माणसं ‘औषध बाधलं’ म्हणायची, ‘मला ती गोळी मानवत नाही’ म्हणायची. मला ते शब्द फार प्रामाणिक वाटतात. औषध घेतलं आणि त्रास झाला, एवढंच ते सांगतात. का झाला, याचा निकाल देऊन टाकत नाहीत. ‘ॲलर्जी’ म्हटलं की मात्र आपण निकाल दिलेला असतो. शरीराच्या संरक्षणव्यवस्थेने हे औषध शत्रू म्हणून ओळखलं, पुढच्या वेळी ती पुन्हा उठणार, तेव्हा हे औषध आयुष्यभर बंद. हा निकाल खरा असेल तर तो जीव वाचवतो. खोटा असेल तर एक चांगलं औषध फुकट गमावतो.

माझ्या दादाने असंच एक औषध तीस वर्षं गमावलं होतं. लहानपणी त्याचा घसा सुजला, ताप उतरेना, मानेत गाठी आल्या. पेनिसिलिनच्या गटातलं ॲम्पिसिलिन सुरू केलं आणि काही दिवसांत पोरगं नखशिखान्त लाल झालं. आईने कागदावर लिहून ठेवलं, ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’. तो कागद त्याच्याबरोबर शाळेत गेला, कॉलेजात गेला, नोकरीत गेला. कुठल्याही डॉक्टरसमोर बसला की तो आधी हे सांगायचा, आणि डॉक्टर त्याला दुसरं काहीतरी द्यायचे. बहुधा जास्त जंतूंवर चालणारं, जास्त जड. एका शस्त्रक्रियेच्या आधी मात्र एका तज्ज्ञ बाईंनी त्याला खोदून खोदून विचारलं. पुरळ कितव्या दिवशी आलं? खाज होती का? ओठ सुजले, श्वास लागला, चक्कर आली, असं काही? गाठी आल्या होत्या म्हणता, मग थकवा किती दिवस राहिला?

त्यांचा अंदाज असा की तो ताप एपस्टाइन-बार विषाणूचा होता. या विषाणूच्या तापात ॲम्पिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दिलं तर पुष्कळ मुलांच्या अंगावर पुरळ उठतं, आणि पुढे तेच औषध घेतल्यावर त्यातल्या बहुतेकांना काहीही होत नाही. त्यांनी त्याची त्वचेवरची चाचणी केली, मग आपल्या देखरेखीखाली, हाताशी सगळी तयारी ठेवून, औषधाचा छोटा आणि मग पूर्ण डोस दिला. दादा दिवसभर तिथे बसून राहिला. काही झालं नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्या दहा जणांची नीट तपासणी केली तर नऊ किंवा त्याहून जास्त जण ते औषध सुखाने घेऊ शकतात. खरी ॲलर्जी होती त्यांच्यातलेही पुष्कळ जण दहा वर्षांत तिच्यातून बाहेर येतात. हे घरी करून बघण्याचं काम मात्र अजिबात नव्हे. दादाच्या वेळी त्या खोलीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन भरून ठेवलेलं होतं.

कारण जी खरी, ताबडतोबीची ॲलर्जी असते, ती थट्टेवारी नेण्यासारखी नसते. आधी कधीतरी त्या औषधाशी गाठ पडलेली असते, शरीराने त्याच्या विरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवून मास्ट नावाच्या संरक्षक पेशींवर चिकटवून ठेवलेली असतात. औषध परत आलं की काही मिनिटांत, फार तर तासाभरात, या पेशी फुटल्यासारख्या रिकाम्या होतात. अंगावर गांधी उठतात, तळहात खाजतात, ओठ-पापण्या सुजतात. तिथेच थांबलं तर ठीक. घसा आवळला, श्वासात शिट्टी वाजू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मांडीत ॲड्रेनॅलिन आणि तडक दवाखाना. तिथे खाजेच्या गोळीवर वेळ काढायचा नसतो.

आणि इथेच एक गंमत आहे, जी कळली तेव्हा माझ्या डोक्यातल्या बऱ्याच गाठी सुटल्या. या मास्ट पेशी रिकाम्या व्हायला ॲलर्जी असावीच लागते असं नाही. पॉल एर्लिख यांनी १८७८ मध्ये, अजून विद्यार्थीदशेत असताना, आपल्या प्रबंधात या पेशींचं वर्णन केलं. दाण्यांनी गच्च भरलेल्या म्हणून त्यांना त्या खाऊन-पिऊन फुगलेल्या वाटल्या आणि जर्मन भाषेतल्या पोसण्याच्या शब्दावरून त्यांनी नाव दिलं. ते दाणे पोषणाचे नव्हते, हिस्टामिनसारख्या रसायनांचे होते. मॉर्फिनसारखी औषधं या पेशींना थेट डिवचतात, प्रतिपिंडांची चिठ्ठी न घेताच. शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिन टोचलेल्या माणसाला नाक चोळावंसं वाटतं, अंग खाजतं, ते काही अंशी यामुळे. व्हँकोमायसिन शिरेतून भराभर सोडलं तर चेहरा, मान, छाती लालबुंद होते. तेच औषध तास-दीड तास लावून हळूहळू सोडलं तर बहुतेकांना काही होत नाही. औषधाचा दोष असला तरी इलाज औषध थांबवण्यात नसतो, सलाइनच्या थेंबांचा वेग कमी करण्यात असतो. अशा माणसाच्या फायलीवर ‘ॲलर्जी’ असं लिहिलं, तर पुढे कधी गंभीर संसर्गात हेच औषध हवं असताना हात आखडतो.

वेदनाशामक गोळ्यांचंही असंच. एखाद्याला ॲस्पिरिनने अंगावर पित्त उठतं. तो ॲस्पिरिन टाळतो, आयब्युप्रोफेन घेतो, पुन्हा पित्त. मग डायक्लोफेनॅक, पुन्हा तेच. तो म्हणतो, मला सगळ्याच औषधांची ॲलर्जी आहे. खरं तर या गोळ्यांची रासायनिक ठेवण एकमेकींपेक्षा वेगळी, पण काम एकच. शरीरातलं एक एन्झाइम त्या अडवतात. ते अडवल्यावर काही जणांत सूज आणि गांधी उठवणारी ल्युकोट्राइन नावाची रसायनं वाढतात. म्हणजे त्रास गोळीच्या चेहऱ्याने होत नाही, तिच्या कामाने होतो. अशा वेळी एक गोळी टाळून भागत नाही, सगळं कुटुंबच टाळावं लागतं आणि डॉक्टरांकडून वेगळ्या घराण्यातलं औषध विचारून घ्यावं लागतं.

पण मला खरा धक्का दिला तो आईच्या ओठांनी.

आई कित्येक वर्षं रक्तदाबाची एकच गोळी घेत होती, एनालाप्रिल. एका सकाळी ती स्वयंपाकघरातून हाक मारत आली आणि मला क्षणभर ती ओळखूच आली नाही. वरचा ओठ फुगून नाकाला टेकला होता. खाज नाही, गांधी नाहीत, लाली नाही, नुसती ताणलेली, चकचकीत सूज. ती स्वतः शांत होती. बोबडं बोलत म्हणाली, “काल काही चावलं असेल गं.” आम्ही खाजेची गोळी दिली. दोन तासांनी सूज तशीच, आणि जीभ जड वाटते म्हणाली तेव्हा मात्र मी तिला गाडीत घातलं.

तिथल्या डॉक्टरांनी तिच्या गोळ्यांचा डबा मागितला. मी म्हटलं, या गोळीला तर सात वर्षं झाली, तिने आत्ता कसा त्रास होईल? ते म्हणाले, होतो. वर्षांनीही होतो. ही औषधं जे एन्झाइम अडवतात, तेच ब्रॅडिकिनिन नावाच्या पदार्थाची विल्हेवाट लावत असतं. तो साचला की रक्तवाहिन्या पाझरतात आणि ओठ, जीभ, घसा सुजतो. इथे हिस्टामिनचा संबंधच नाही, म्हणून खाजेच्या गोळीला ही सूज दाद देत नाही. आणि खाज नाही, गांधी नाहीत, हीच तिची खूण. आईला एक रात्र त्यांनी ठेवून घेतलं, घशावर लक्ष ठेवलं, गोळी कायमची बंद केली आणि रक्तदाबासाठी दुसऱ्या प्रकारची सुरू केली. नंतरही काही आठवडे अशी सूज पुन्हा येऊ शकते हेही बजावलं.

या औषधांचा उगम मी पुढे वाचला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलमध्ये रोशा ए सिल्व्हा आणि त्यांचे सहकारी जराराका नावाच्या विषारी सापाचं विष तपासत असताना त्यांना ब्रॅडिकिनिन सापडलं. त्याच विषात ब्रॅडिकिनिनचा जोर टिकवून धरणारे घटक आहेत हे सर्जिओ फेरेरा यांनी पुढे दाखवलं, आणि त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल हे या घराण्यातलं पहिलं तोंडाने घ्यायचं औषध तयार झालं, ज्याला १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. लाखो लोकांची हृदयं आणि मूत्रपिंडं या गोळ्यांनी जपली आहेत. आईचीही सात वर्षं जपली. त्या सकाळचा राग मला गोळीवर कधीच आला नाही. ही सूज येऊ शकते, ओठ सुजला तर वाट बघू नका, हे वाक्य सात वर्षांत आम्हाला एकदाही कुणी सांगितलं नव्हतं, याचा मात्र आला.

आता जे लिहायचंय ते लिहिताना मी दोनदा थांबले आहे.

माझ्या एका मैत्रिणीला फिट्ससाठी कार्बामाझेपिन सुरू झालं होतं. तिसऱ्या आठवड्यात तिला ताप आला, घसा धरला, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागलं. साथीचा ताप म्हणून तिने तापाची गोळी घेतली. दोन दिवसांनी छातीवर गडद, जांभळट ठिपके. तोंडात फोड, पाणी गिळवेना. पुढच्या चोवीस तासांत पाठीची कातडी चादरीला चिकटून निघायला लागली. भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात तिला ठेवलं होतं, कारण जाळाचा स्पर्श न होताही तिची अवस्था भाजल्यासारखीच होती. मी काचेतून बघितलं. नर्स तिच्या पापण्या दर काही वेळाने काचेच्या कांडीने हळुवार सोडवत होती, आतून चिकटून जाऊ नयेत म्हणून.

हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी १९२२ मध्ये दोन मुलांमध्ये त्याचं वर्णन केलं. शरीराच्या तीस टक्क्यांहून जास्त कातडी सुटली तर त्याला टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस म्हणतात, ते नाव लायेल यांनी १९५६ मध्ये दिलं, आणि त्या टोकाला पोचलेल्या रुग्णांपैकी साधारण तिसरा हिस्सा दगावतो. हे फार दुर्मीळ आहे, हे मी इथे ठळकपणे सांगते, कारण भीतीने कुणी आपल्या गोळ्या फेकून द्याव्यात असं मला मुळीच वाटत नाही. पण दुर्मीळ असलं तरी त्याला वेळापत्रक आहे. औषध सुरू केल्यापासून साधारण चार दिवस ते चार आठवडे, या काळात ते गाठतं. आणि ते ठरावीक औषधांनी जास्त होतं. फिट्सची काही औषधं, यूरिक ॲसिडसाठीचं ॲलोप्युरिनॉल, सल्फाची जंतुनाशकं, एचआयव्हीवरचं नेव्हिरापिन. लॅमोट्रिजिनचा डोस डॉक्टर इतका हळूहळू का वाढवतात याचं उत्तरही इथेच आहे.

तिची शरीरप्रकृती आधीपासून याला अनुकूल होती का? असू शकते. २००४ मध्ये तैवानमधल्या संशोधकांनी दाखवलं की कार्बामाझेपिनने हा आजार झालेल्या त्यांच्या रुग्णांमध्ये एचएलए-बी १५:०२ हा जनुकाचा प्रकार आढळतो. आशियातल्या अनेक लोकसमूहांत तो असतो, म्हणून हे औषध सुरू करण्याआधी रक्ताची ही तपासणी करायला सांगितली जाते. ॲलोप्युरिनॉलसाठी बी ५८:०१, एचआयव्हीच्या अबाकाविरने होणाऱ्या वेगळ्या तीव्र प्रतिक्रियेसाठी बी ५७:०१. एका नळीभर रक्तात ही पूर्वसूचना मिळते.

मैत्रीण वाचली. कातडी नवी आली, पाठीवर फिक्या-गडद पट्ट्या राहिल्या. डोळे मात्र पूर्वीसारखे झाले नाहीत. अश्रू कमी तयार होतात, ती दर तासाला थेंब घालते. मी तिला विचारलं होतं, सुरुवातीला खाज होती का? ती म्हणाली, “खाज नव्हतीच गं. दुखत होतं. हात लावला की कातडी दुखायची.” हे वाक्य मी विसरू शकत नाही. साधं औषधाचं पुरळ, जे सर्वांत जास्त वेळा दिसतं, ते चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पाठ-पोटावर सुरू होतं, हातापायांकडे उतरतं, दोन्हीकडे सारखं असतं, आणि खाजतं. औषध थांबवलं की आठ-पंधरा दिवसांत खवले निघून जातं. कातडी खाजण्याऐवजी दुखत असेल, ताप असेल, तोंड, डोळे किंवा गुप्तांग सोलवटलं असेल, फोड येत असतील, चेहरा सुजला असेल, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघायचं.

तिने तापासाठी घेतलेल्या गोळीलाही सुरुवातीला दोष दिला गेला होता. ती शेवटची होती, म्हणून सगळ्यांना तीच आठवत होती. खरी गोळी तीन आठवडे मागे उभी होती. काही त्रास तर आणखी उशिरा येतात. ड्रेस नावाचा एक प्रकार आहे, त्यात पुरळ, ताप, सुजलेला चेहरा, गाठी आणि यकृतावर सूज असं सगळं एकत्र येतं, तेही दोन ते आठ आठवड्यांनी. उलट डॉक्सिसायक्लिन घेणारा माणूस उन्हात गेला तर त्याच दिवशी भाजल्यासारखा लाल होतो, आणि हनुवटीखालची, कानामागची सावलीतली कातडी शाबूत राहते. ती ॲलर्जी नाही. औषध आणि ऊन मिळून केलेली ती होरपळ आहे, उद्या औषध संपलं की तीही संपली.

म्हणून मी आता दिवस मोजते. घरात कुणाला नवं औषध सुरू झालं की कॅलेंडरवर बारीक अक्षरांत त्याचं मूळ नाव लिहिते. कंपनीने दिलेलं नाव कंसात. पुरळ उठलं तर आधी फोटो काढते, कारण डॉक्टरांकडे पोचेपर्यंत गांधी अनेकदा मावळलेल्या असतात आणि ‘असं असं होतं’ म्हणून हातवारे करण्यात काही अर्थ नसतो. रोजची, महत्त्वाची गोळी असेल तर आपल्या मनाने बंद करत नाही, डॉक्टरांना फोन करते. फिट्सची गोळी अचानक तोडण्याचे स्वतःचे धोके आहेत. पण फोन त्याच दिवशी करते.

आमच्या तिघांचा एक कागद आहे. मी, आई, दादा. दादाच्या नावापुढे ‘पेनिसिलिन’ लिहून त्यावर रेघ मारली आहे आणि खाली चाचणीची तारीख आहे. आईच्या नावापुढे ‘एनालाप्रिल आणि त्या गटातली सर्व औषधं, ओठ व जीभ सुजली, सात वर्षांनी, खाज नाही’. माझ्यापुढे दोन लांब नावं आणि ‘तोच डाग, तीच जागा, तीन वेळा, दर वेळी लवकर’. ‘ॲलर्जी’ हा शब्द कागदावर कुठेही नाही. काय झालं आणि कधी झालं, तेवढंच.

गेल्या महिन्यात मला पुन्हा तोच संसर्ग झाला. डॉक्टर नवीन होते. लिहायला सुरुवात केली होती तेवढ्यात मी कागद पुढे सरकवला. त्यांचं पेन थांबलं. त्यांनी कागद वाचला, मग माझा हात मागितला आणि मनगट खिडकीच्या उजेडात धरलं. डाग आता इतका फिका आहे की तिरका उजेड पडल्याशिवाय दिसत नाही. त्यांना दिसला. “शेवटचं कधी उठलं होतं?” त्यांनी विचारलं, आणि मी तारीख सांगितली.